पायलचं बटन

गाडी गरम व्हायची, ही काही नवी तक्रार नव्हती. भूपेशनं ती घेतली तेव्हाच तिच्यावरून वीस उन्हाळे गेले होते. मागची सीट काढून त्यानं तिथं थर्माकोलचे डबे बसवले आणि बोडीतली, म्हणजे गावच्या तळ्यातली, मासोळी बर्फात घालून तो गोंडपिपरीला, कधी आष्टीला, बाजार असेल तिकडं नेऊ लागला. गाडीला कायम ओल्या जाळ्याचा वास. पण चालायची. फक्त ऊन चढलं की समोरची इंजिनच्या तापाची सुई वर सरकू लागे, कारण रेडिएटरचा पंखा आपणहून लागत नसे.

पाणी तापल्यावर पंखा लावणारा सेन्सर मेला होता. मुखरूभाऊ मिस्त्रीनं मग तेच केलं जे त्या भागातला कुठलाही मिस्त्री करतो. सेन्सर वगळला आणि पंख्याची वायर सरळ एका बटनाला दिली. ड्रायव्हरच्या बाजूला जागा नव्हती, म्हणून डॅशबोर्डला डावीकडं भोक पाडून बटन तिथं बसवलं. पिठाच्या गिरणीवर असतं तसलं, लाल, जाडजूड, दाबलं की टक् वाजणारं.

"गाडी हाय का मासोळीची टोपली रे ही?" नाकाला रुमाल लावत मुखरूभाऊ म्हणाला. "आता पंखा तुमच्या हातात. सुई अर्ध्यावर आली का दाबा. इसरले, का गाडी बसली."

डावीकडं भूपेशची बायको रंजीता बसायची आणि रंजीताच्या मांडीवर पायल. बटन बरोबर पायलच्या गुडघ्यासमोर. मग ते बटन कोणाचं, हा प्रश्नच उरला नाही. पहिले आठ दिवस तिनं ते उगाच टकटक करून बापाला वेड लावलं. शेवटी रंजीतानं नियम घातला, आई 'सुई वर आली' म्हणेल तेव्हाच दाबायचं. चार वर्षांच्या पोरीनं तो नियम असा काही पाळला की बोलायची सोय नाही. बोट बटनावर टेकवायची, मान वर करायची आणि आईच्या तोंडाकडं एकटक बघत राहायची. इतक्या जवळून, की तिचा श्वास रंजीताच्या हनुवटीला लागायचा.

"सुई वर आली, पायल."

टक्. "चालू!"

"मी तं नावाचाच डायवर," भूपेश म्हणायचा. "गाडी हेच चालवून राह्यली."

गेल्या साली पोळा झाला आणि पायलला ताप आला. तिसऱ्या दिवशी गोंडपिपरीतल्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, थांबू नका, चंद्रपूरला घेऊन जा. पाऊस उघडला होता, भर दुपारचं ऊन होतं. कोठारीच्या अलीकडं दोन्ही बाजूंनी सागवानाचं जंगल लागतं, तिथं फोन लागत नाही. पायलचं अंग असं तापलं होतं की साडीतून मांडीला चटका बसत होता. तासभर कण्हून कण्हून तिचा नुकताच डोळा लागला होता. भूपेश खड्डे चुकवत होता. रंजीता तिच्या तोंडाकडं बघत होती.

एकदा मात्र तिनं मान वर केली होती. सुई अर्ध्याच्या पुढं गेलेली तिला दिसली होती. बटन दाबायचं तर पायलवरून वाकावं लागलं असतं, ती उठली असती. जराशी झोपू दे, असं रंजीतानं मनात म्हटलं. मग ती विसरली.

पाच-सात मिनिटांनी बॉनेटखालून वाफ उसळली आणि गाडी बंद पडली. इंजिन निवायची वाट बघत ते सागाच्या सावलीत किती वेळ बसले होते, ते दोघांपैकी एकानंही कधी तोंडातून काढलं नाही. एक ट्रक आला. ट्रकवाला भला माणूस होता, त्यानं जमेल तितका हाणला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फक्त विचारलं, इतका उशीर काऊन केला?

भूपेशनं सगळ्यांना सांगितलं, पंखा खराब झाला. सुई दिसली होती, हे रंजीतानं त्यालाही सांगितलेलं नाही.

लहान लेकराला त्यांच्यात जाळत नाहीत. बोडीच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, मोहाच्या झाडाजवळ खड्डा केला. लेकराच्या आवडीचं काही सोबत द्यायची रीत आहे, म्हणून सासू गिरजाबाईंनी बाहुली आणली, बांगड्या आणल्या. भूपेश गाडीकडं गेला, पक्कडीनं वायरी तोडून बटन घेऊन आला.

"तिचं हाय," एवढंच म्हणाला.

रंजीतानं ते तिच्या उजव्या हाताशी ठेवलं.

गाडी मग अंगणात उभीच राहिली. पण वैशाखात बोडी आटायला लागली की मासोळी थांबत नाही. असेल तेवढी पंधरा दिवसांत काढावी लागते, नाहीतर चिखलात मरते. भूपेशनं गाडी पुसली, बॅटरी चार्ज केली, पाण्याच्या दोन कॅन टाकल्या. नवं बटन नंतर बघू म्हणाला. डॅशबोर्डच्या भोकातून तुटक्या वायरींची दोन टोकं लोंबत होती. डब्यांवर लक्ष ठेवायला रंजीता डावीकडं बसली.

आष्टीच्या रस्त्याला सुई चढू लागली. भूपेशनं गाडी हळू केली. रंजीताच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "सुई वर आली."

टक्.

पुढं जाळीमागं पंखा घुमला. सुई थरथरली आणि खाली येऊ लागली.

"वायरी लागल्या असतीन एकमेकीले," भूपेश म्हणाला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

रंजीतानं खाली बघितलं. दोन्ही टोकांत वीतभर अंतर होतं. तांब्यावर हिरवा गंज चढला होता.

तेव्हा तिला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर पुढचे दोन दिवस ती बाजाराच्या ओढीनं नाही, त्या एका आवाजाच्या ओढीनं गाडीत बसली. सुई वर आली, पायल. टक्. घरी आल्यावर भाकरी थापताना तिच्या तोंडावर हसू होतं. गिरजाबाई तिच्याकडं बघत राहिल्या.

चौथ्या दिवशी आवाज यायला उशीर झाला. रंजीतानं दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. आणि मग तिला मांडी जाणवली. जड झाली होती. साडीतून चटका बसत होता, उन्हाचा नव्हे, ऊन उजव्या खिडकीतून येत होतं. मांडीवरचं ते वजन हळूहळू कुशीवर वळलं, नाइलाजानं उठावं तसं उठलं.

टक्.

त्या दिवशी रंजीता जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "मुखरूभाऊकडे गाडी घ्या. पंखा दुरुस्त केल्याशिवाय मी बसत नाई."

"चालून तं राह्यला पंखा."

"म्हणूनच."

मुखरूभाऊचं दुकान म्हणजे कडुलिंबाखाली एक टपरी. त्यानं सगळं पहिल्यापासून तपासलं. पंख्याला बॅटरीवरून सरळ करंट दिला, पंखा फिरला. म्हणजे मोटर चांगली. फ्यूज चांगला. टेस्ट लॅम्प डॅशबोर्डच्या एका टोकाला लावला, लॅम्प पेटला. म्हणजे करंट इथवर येतो. दुसरं टोक पंख्याकडं जातं. आणि मधे काही नाही.

"मंग हा पंखा लागन तरी कसा?" तो हसला. "तुमी दोघं ऊनात फिरू फिरू येडे झाले का बावा?"

त्यानं गाडी चालू ठेवली. एक टोक डाव्या हातात, एक उजव्या, दोन्ही हात लांब धरून तो दारात उकिडवा बसला. रंजीता सीटवर होती. सुई अर्ध्यावर आली, पुढं गेली. तिनं ओठ घट्ट मिटले होते. पण मांडी तापू लागली, हनुवटीला श्वास लागू लागला, आणि मागच्या वेळी गप्प बसल्यानं काय झालं होतं ते तिला आठवलं.

"सुई वर आली," ती पुटपुटली.

टक्.

पंखा घुमला. मुखरूभाऊचे हात होते तिथंच राहिले. त्यानं एकदा या टोकाकडं पाहिलं, एकदा त्या. मग गाडी बंद करून दोन्ही टोकं खाली सोडली, हळूच, विंचू सोडावा तशी.

"भूपेश, ते बटन कुठी ठेवलं तू?"

"तिच्यापाशी."

मुखरूभाऊ डिझेलच्या डब्यात हात धुऊ लागला. बराच वेळ धूत राहिला.

"भाऊ," रंजीता म्हणाली, "तिचा ताप उतरला नाई अजून. दरवेळेस मले तिले उठवा लागते. पंखा आपणहून लागला पाहिजे असं काहीतरी करा. तिले झोपू द्या."

भूपेशनं तोंड फिरवलं. मुखरूभाऊ टपरीत गेला आणि एक नवा सेन्सर घेऊन आला. शेजारच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलं, सेन्सर त्यात धरला, वायरीला लॅम्प लावला. लॅम्प पेटला. बाहेर काढला, जरा वेळानं विझला.

"चांगला हाय," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला.

सेन्सर बसवला. जुन्या वायरी मुळापासून उपसून काढल्या. डॅशबोर्डचं भोक तेवढं उरलं, त्यात काळं रबरी बूच दाबून बसवलं.

"आता कोनाले काई कराची गरज नाई, बाई," तो म्हणाला.

परतताना सुई अर्ध्यावर आली. रंजीता बोलली नाही. पंखा आपणहून लागला. टक् नाही, काही नाही, नुसती घरघर. सुई उतरली, घरघर थांबली. तिनं मांडीवर हात ठेवून पाहिला. गार होती, हलकी होती. कोणाचीही असावी तशी.

बोडीच्या पाळीवरून जाताना मोहाचं झाड दिसलं.

"झोपली," ती म्हणाली.

भूपेशनं मान हलवली.

घरी आल्यावर त्यानं रिकामे डबे उतरवले, किल्ली खिशात टाकली आणि तो आंघोळीला मागं गेला. रंजीता उतरली नाही. अंगणात चार वाजताचं ऊन होतं, गिरजाबाई ओसरीत मोहफुलं निवडत होत्या. तिला आज पहिल्यांदा नीट रडता आलं. पदरानं तोंड पुसेपर्यंत अर्धा तास झाला असेल. इंजिन निवलं होतं. सुई तळाला टेकली होती.

टक्.

पंखा लागला नाही.

टक्. टक्.

तिनं समोर पाहिलं. भोकातलं रबरी बूच आत दबत होतं, वर येत होतं. पुन्हा दबत होतं. त्यामागं वायरच नव्हती, पंखा जागचा हलत नव्हता. तरी टक्. टक्. टक्. घाईघाईनं, आपल्याच्यानं काही बिघडलं की काय अशा धास्तीनं.

मांडी जड झाली. पहिल्यापेक्षा जास्त तापलेली.

"सुई खाली हाय, पायल," रंजीता म्हणाली. "आता दाबा नाई लागत. झोप माय."

आवाज थांबला.

बूच आत दबलेलंच राहिलं, त्यावर बोट टेकवून ठेवावं तसं. आणि रंजीताच्या हनुवटीला खालून गरम श्वास लागत राहिला.