कमळीताईचा ताप

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली. कुणाला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं, पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

आणि हो, भुतं रात्री बारानंतरच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना ही पटायची नाही. ही भर दुपारची गोष्ट आहे. बाहेर लख्ख ऊन होतं.

मंगळवार, २७ सप्टेंबर १९९४. गाव मुरबे, पालघरजवळचं, अगदी समुद्राकाठचं. पितृपक्ष चालू होता.

एकनाथ माझा मावसभाऊ. तेव्हा सव्वीस वर्षांचा. गावात कुणाच्याही बोटीचं मशीन बंद पडलं की पहिली हाक एकनाथला. त्याला मस्कतला नोकरी लागली होती, बंदरात, इंजिनदुरुस्तीची. शुक्रवारी, ३० तारखेला, मुंबईच्या सहार विमानतळावरून त्याचं विमान. घराण्यातून विमानात बसणारा तो पहिलाच! त्याची आई, म्हणजे माझी येसूमावशी, बाजारात गिऱ्हाइकाला मासळीचा भाव सांगायच्या आधी पोराच्या विमानाची तारीख सांगायची.

आणि नेमका सुरतेला प्लेग आला.

ते दिवस आठवतात ना? मिळेल त्या गाडीने माणसं सुरत सोडून पळत होती. पालघर, बोईसर, सगळ्या स्टेशनांवर तोंडाला रुमाल बांधलेली गर्दी. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब. आखाती देशांनी आधी आपला माल नाकारला. आमच्या भागातल्या पापलेटचे बर्फातले खोके सहारवरून जसेच्या तसे टेम्पोत परत आले. मग एकेका देशाने विमानंच बंद करायला घेतली.

मुरब्यावरून रोज संध्याकाळी विमानं जायची, समुद्रावरून पश्चिमेला. त्या आठवड्यात ती कमी होत गेली. एकनाथ ओट्यावर बसून आभाळाकडे बघत राहायचा. जीव नुसता टांगणीला लागलेला.

सोमवारी नाक्यावरच्या एसटीडी बूथवर एजंटचा फोन आला.

"मस्कत अजून चालू आहे. पण आता फॉर्मवर सही लागणार. अंगात ताप नाही, आणि सुरतेच्या कुणाशी गाठ पडलेली नाही. तुझ्या घरात सुरतेचं कुणी आहे का?"

एकनाथने बूथचं दार ओढून घेतलं.

त्याची थोरली बहीण कमळी सुरतेलाच होती. तिचा नवरा जिवल्या तिथे कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला, पदरात सहा वर्षांची नलू. एकनाथ लहान असताना त्याचे वडील समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत. आई दिवसभर डोक्यावर पाटी घेऊन बाजारात. मग पोराला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, शाळेत सोडणं, सगळं कमळीताईनेच केलं. ती स्वतः तेव्हा बारा वर्षांची होती हो!

"नाही," एकनाथ फोनवर म्हणाला. "कुणी नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनचा सुमार.

गाव झोपलं होतं. मावशी पालघरच्या बाजारात गेलेली. शुक्रवारपर्यंत कुणालाही घरात घ्यायचं नाही, असं तिने बजावलं होतं, म्हणून पुढच्या दाराला आतून कडी. एकनाथ बॅग भरत बसला होता.

गल्लीतलं कुत्रं भुंकत होतं... ते एकदम गप्प झालं.

मग पावलं. घासत, थांबत, पुन्हा घासत येणारी.

ओट्यावर कुणीतरी धपकन बसलं.

"एकू..."

त्याला एकू म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

"एकू, दार उगड रे. मी हाय, कमळी."

तो उठला. हात कडीपर्यंत गेला.

आणि तिथेच थांबला.

"अंगात ताप हाय रे. नलूला तिच्या बापाजवळ ठेवून आले. जरा पानी दे."

एकनाथ दाराला पाठ लावून उभा राहिला. श्वाससुद्धा हळू घेत होता.

"तू आत हायस ना? पावलं ऐकली मी तुजी."

त्याने डोळे मिटून घेतले.

मग ती पुन्हा बोलली, अगदी हळू.

"अरे हां... शुक्रवारी तुजं विमान हाय, नाय का? मी इसरलेच." ती जराशी हसलीसुद्धा. "बरं केलंस. नको उगडू. मी जाते दवाखान्यात. पानी तेवढं खिडकीत ठेव, मी लांबूनच घेते."

पाण्याचा माठ चार पावलांवर होता.

एवढं तर करता आलं असतं की नाही? पण नाही केलं त्याने. पाणी ठेवलं तर तिची-आपली गाठ पडली असं होणार, मग फॉर्मवरची सही खोटी ठरणार, असा हिशेब त्याने केला. तहानलेली बहीण दारात, आणि हा सहीचा विचार करतोय! मला हे लिहितानासुद्धा लाज वाटते, तर त्याचं काय होत असेल.

अर्ध्या तासाने पावलं गेली. घासत, थांबत.

तिन्हीसांजेला मावशी आली. रिकामी पाटी ठेवली, चूल पेटवली. ती काही बोलली नाही, त्यानेही काही सांगितलं नाही.

गुरुवारी पालघरहून निरोप आला. कमळीताई रिक्षास्टँडजवळ कोसळली होती. कुणीतरी दवाखान्यात नेलं. बुधवारी ती गेली.

प्लेग नव्हता.

रक्त तपासलं होतं. मलेरिया, डोक्यात गेलेला. अंगात पाण्याचा थेंब उरला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

शुक्रवारी सकाळी एकनाथ एसटीडी बूथवर गेला. बहिणीच्या चितेची राख अजून निवली नव्हती, आणि हा विमानाची चौकशी करायला गेला.

"मस्कतही बंद," एजंट म्हणाला. "कालपासून. भारतातलं एकही विमान घेत नाहीत."

त्या संध्याकाळी मुरब्यावरून पश्चिमेला एकही विमान गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एवढं शांत आभाळ त्याने कधी पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी पहाटे तो ओटा झाडायला गेला. फरशी थंडगार होती. दाराशेजारी पाऊल पडलं...

आणि त्याने ते झटकन मागे घेतलं.

तेवढीच जागा तापलेली होती. भिंतीला टेकून एक माणूस बसेल, एवढीच. ऊन तर तिथे येतच नाही, वर पत्र्याची पडवी आहे. त्याने हात लावून बघितलं. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा तशी ती फरशी लागत होती.

तो कुणाशी बोलला नाही. बोलणार काय? मावशी रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी ओतायची. सुतकातला काहीतरी रिवाज असेल, असं त्याला वाटलं.

दिवस झाल्यावर जिवल्याने नलूला आजोळी आणून सोडलं. पोर पहिल्याच दिवशी बरोबर त्या जागेवर जाऊन बसली.

"मामा, इथं बस ना. इथं ऊब येते."



ऑक्टोबरात प्लेग ओसरला. हळूहळू विमानं सुरू झाली. एकनाथला नवी तारीख मिळाली, २८ ऑक्टोबर. सोबत मी गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सहारला सकाळपासून ही गर्दी! महिनाभर अडकलेले लोक होते. कुणाच्या सुट्ट्या संपलेल्या, कुणाच्या नोकऱ्या गेलेल्या, बॅगांवर डोकं ठेवून कितीतरी जण झोपलेले. आत सोडायच्या आधी एका टेबलावर डॉक्टर ताप बघत होते. शेजारी तो फॉर्म. सुरतेच्या कुणाशी संपर्क आला होता का?

एकनाथने लिहिलं, नाही. खाली सही केली.

डॉक्टरांनी थर्मामीटर तोंडात दिलं. काढलं, बघितलं... झटकलं. पुन्हा दिलं.

"एकशे चार."

डॉक्टरांनी त्याचं मनगट धरलं आणि ते माझ्याकडे बघायला लागले. मी त्याच्या कपाळाला हात लावला. बर्फासारखं गार.

परत पाठवलं. अंधेरीला मी स्वतः नवीन थर्मामीटर विकत घेतलं, तिथेच फुटपाथवर त्याच्या तोंडात घातलं. ताप काही नाही.

दुसरी तारीख, १८ नोव्हेंबर. डॉक्टर वेगळे, थर्मामीटर वेगळं. फॉर्मवर पुन्हा नाही. पुन्हा एकशे चार.

आणि या वेळी ते डॉक्टर म्हणाले, "अरे, यांना कुणीतरी पाणी द्या. कधीपासून मागतायत."

एकनाथच्या तोंडात थर्मामीटर होतं. ओठ घट्ट मिटलेले. मी हातभर अंतरावर उभा होतो, देवाशप्पथ सांगतो, तो काहीही बोलला नव्हता.

परत येताना त्याने मला सगळं सांगितलं. दार, कडी, माठ, सगळं. रडला नाही. आपल्या हातांकडे बघत बोलत होता. पंधरा डिसेंबरला व्हिसा संपणार होता, एजंटने शेवटची तारीख दिली होती.

"आता त्या फॉर्मवर सही करायची तर आधी आयला सांगणार," तो म्हणाला. "तिला ठाऊकच नाय, ताई घरापर्यंत आलेली. तिला वाटतं ती रस्त्यातच पडली."

त्या दिवशी मी मुरब्यालाच राहिलो. सकाळी मावशी मागच्या पडवीत बोंबील साफ करत बसली होती. नलू शाळेत गेलेली. एकनाथ तिच्यासमोर उकिडवा बसला.

"आये, ताई आलेली. त्या मंगळवारी. तिने पानी मागितलं. मी घरात होतो."

मावशीचे हात चालूच होते.

"मी दार उगडलं नाय, आये."

"ठावं हाय," मावशी म्हणाली.

एकनाथ तिच्याकडे बघतच राहिला.

"त्या दिवशी बाजारात कोन मासळी घेईना. रोगाची भीती सगल्यांना. मी लवकर आले, मागल्या दारानं. पाटी ठेवते तर पोरीचा आवाज." मावशीने कोयता खाली ठेवला. "तांब्या भरला मी. मधल्या दारापर्यंत आले. तू दाराला पाठ लावून उभा होतास, डोले मिटून. म्हटलं, पोराचं विमान हाय... आनी तांब्या परत ठेवला."

मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"मग मागल्या दारानंच भायेर गेले. मासळी कुत्र्यांना टाकली. तिन्हीसांजेला पुढून आले, जशी आताच आले." ती पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत बघून बोलली. "तू सव्वीस वर्सांचा. मी आई हाय तिची. तुजा गुना लहान हाय, माजा मोटा. रोज पानी ओतते तिच्या जागेवर. थंड होत नाय रे."

दोघं तिथेच बसून राहिले. कावळ्यांनी सुपातले बोंबील ओढून नेले, तरी कुणी हटकलं नाही.

एकनाथ तिसऱ्या तारखेला गेला नाही. व्हिसा संपला. मस्कतची विमानं आज पहिल्यासारखी जातात, एकनाथ मुरब्याच्या बंदरावर मशीनं दुरुस्त करतो.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. तो ताप कुणाचा होता, आणि त्या डॉक्टरांच्या कानात पाणी कोण मागत होतं, मला माहीत नाही. मी मुरब्याला गेलो तर मागल्या दाराने आत जातो. पुढच्या ओट्यावर पाय ठेवायचं धाडस मला आजही होत नाही.

नलू दहा वर्षांची झाली. हुशार आहे पोर. तिची आई घराच्या दारापर्यंत पोचली होती, हे तिला कुणीही सांगितलेलं नाही.

परवा शाळेत तिने 'माझा आवडता माणूस' असा निबंध लिहिला. माझ्यासाठी मामाने मस्कतचं विमान सोडलं, असं तिने त्यात लिहिलंय. बाईंना रडू आलं म्हणे. त्यांनी निबंध सगळ्या गावासमोर वाचून घेतला, एकनाथला नारळ दिला, शाल दिली.

तो मान खाली घालून उभा होता. माझ्या शेजारी बसलेली एक बाई म्हणाली, "किती साधा माणूस, नाय?"