तळीवर ‘जातंय’ म्हणू नये

आधीच सांगते, या पेजवरच्या दहापैकी नऊ गोष्टी भिकार असतात.

अमावस्या, पांढरी साडी, पैंजण, घाटात लिफ्ट मागणारी बाई. आणि खाली शंभर जणांचं ‘बापरे, काटा आला अंगावर’. तुमच्या अंगावर काटा येतो तरी कशाकशाने हो? मी तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. लोकांचं रक्त आणि लघवी तपासून पोट भरलं. माझ्यासमोर भूत आलं असतं तर मी त्याच्या हातात आधी डबी दिली असती आणि सांगितलं असतं, उद्या सकाळचं पहिलं घेऊन ये.

तरी लिहितेय.

कारण मला एक गोष्ट विचारायची आहे, आणि आमच्या जामसंड्यात विचारायला तोंड नाही. अख्ख्या वाडीला मी जन्मभर अडाणी म्हणत आले.

हे खरं घडलंय. तारीख १४ मे २०२४, मंगळवार. रात्र नव्हती. दुपारचे बारा वाजून गेले होते, आणि ऊन असं की कातळावर पाय ठेववत नव्हता.

जागा सांगते. बांद्यावरून आत सह्याद्रीकडे गेलं की माझं आजोळ. गावाच्या वर डोंगरात एक तळं आहे. गावातले त्याला आवशीची तळी म्हणतात. आवस म्हणजे आई. कुणाची आई, कसली आई, कुणालाही माहीत नाही. विचारलं की म्हणतात, ‘पयल्यापासून तसाच म्हणतत.’ हे यांचं उत्तर!

दर मे महिन्यात मी आणि माझा धाकटा भाऊ सुदेश तिथे जायचो. आजोबांबरोबर. करवंदं खायची, पोहायचं, कपडे अंगावरच वाळवायचे. पाण्यात एक मोठा काळा दगड होता, म्हशीचो धोंडो. सुदेश त्याच्यावरून गुडघे पोटाशी घेऊन उडी मारायचा. डुबुक! दिवसातून पन्नास वेळा. मी काठावर बसून त्याला नावं ठेवायचे.

आजोबांचा एकच नियम होता.

निघताना ‘जातंय’ म्हणायचं नाही. ‘येतंय’ म्हणायचं.

आता हे आपण सगळेच घरातून निघताना पाळतो. पण तळीवर ते मोठ्याने ओरडून म्हणायचं. समोरच्या कड्यावरून आवाज परत यायचा... ‘येतंय’. तो आला की मगच उतरायचं. मी एकदा मुद्दाम ‘जातंय’ म्हणायला तोंड उघडलं, तर आजोबांनी पाठीत धपाटा घातला होता.

‘हसतंस काय गो? पाणी खरा मानता.’

पाणी खरं मानतं म्हणे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि तेव्हाच ठरवून टाकलं की ही सगळी माणसं बिनडोक आहेत.

सुदेश मात्र इमानदारीत ओरडायचा. ‘येतंऽऽय!’ आणि कड्याचं उत्तर ऐकून खूश व्हायचा. पुढे मुंबईला नोकरीला लागला, लग्न झालं, मुलगी झाली, बायको लवकर गेली. तळी राहिली ती राहिलीच. मग त्याच्या किडन्या गेल्या.

शेवटचे चार महिने तो माझ्याकडे होता. रिपोर्ट मीच बघत होते. क्रिएटिनिनचा आकडा बघून मला कळत होतं, किती दिवस उरलेत ते.

रोज सकाळी खाटेवरून त्याची हाक यायची. आवाज बसलेला. दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यायचा.

‘ताये... येतंस? तळयेर जावया.’

रोज. रोज तेच!

मला ताय म्हणणारा जगात तो एकटाच. गाडी होती. ड्रायव्हर मिळाला असता. डायलिसिसच्या मधल्या दिवशी सहज नेता आलं असतं. मी काय म्हटलं माहीत आहे?

‘त्या डबक्यात काय ठेवलाहा रे तुझा? दिवाळीनंतर बघू.’

दिवाळीपर्यंत तो राहणार नव्हता, हे मला माहीत होतं. बावीस सालच्या जूनमध्ये तो गेला. मला माझी लाज वाटते. वाटते म्हणजे आजही, हे लिहिताना वाटते.

तर त्याची मुलगी संचिता. वय बावीस, मुंबईत वाढलेली, बापासारखीच भोळी. गेल्या वर्षी मे महिन्यात आली आणि म्हणाली, ‘आत्या, मला बाबांची तळी बघायची आहे.’

बापाला नाही म्हटलं होतं. मुलीला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

वर गेलो तर काय, तळीच्या काठी प्लॅस्टिकचे तंबू! बांद्याचा चंदन नावाचा एक गृहस्थ, त्याने कॅम्प टाकलेला. झाडाला पाटी, ‘निसर्गाच्या कुशीत’. त्या कुशीत त्याने जनरेटर ठेवला होता. जेवायला काय, तर पनीर. सिंधुदुर्गात, मे महिन्यात, पनीर! मी माझ्या डब्यातले घावणे काढले आणि त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तळी पार आटली होती. म्हशीचो धोंडो पूर्ण उघडा पडलेला. त्याच्या चारी बाजूंना भेगा पडलेला चिखल. पाणी तिथून चांगलं पन्नास पावलं लांब गेलं होतं.

हे लक्षात ठेवा. धोंड्याखाली पाणी नव्हतं.

संचिता म्हणाली, ‘बाबा सांगायचे इथे आवाज परत येतो. ओरड ना.’

मी ओरडले. चेष्टेनेच. ‘कोण आसा काऽऽय?’

काही नाही.

पुन्हा ओरडले. मग संचिता ओरडली. मग चंदनही आला आणि ओरडला.

कडा गप्प.

‘काल होतो बाई,’ चंदन डोकं खाजवत म्हणाला. ‘काल पुण्याची माणसा इल्ली, त्येंनी आराडून आराडून डोंगर उठवल्यानी.’

‘तुझ्या जनरेटरान खाल्ल्यान असात,’ मी म्हटलं. हवा तापली की आवाजाची वाट बदलते, हे मी संचिताला समजावून सांगितलं. मला सगळंच समजावता येतं. तो माझा जुना रोग आहे.

जेवून जांभळीखाली बसलो. चंदन जनरेटर बंद करून तंबूत आडवा झाला. झाडांवरचे किरकिरे किडे कानठळ्या बसवत होते. मेमधल्या दुपारी डोंगरात कसे ओरडतात ते ज्याने ऐकलंय त्याला माहीत आहे.

आणि मग...

किरकिरे थांबले.

एक एक करून नाही. सगळे. एकदम.

पान हलत नव्हतं. संचिता पाण्याशी जाऊन हात धूत होती, पण तिच्या हातातलं पाणी खाली पडल्याचाही आवाज मला येत नव्हता. मला वाटलं माझे कान गेले. मी चुटकी वाजवून बघितली. ऐकू आली.

मग...

डुबुक!

मी वळून बघितलं. धोंड्याकडून आला होता आवाज. गुडघे पोटाशी घेऊन उडी मारल्यावर येतो तो. पन्नास वर्षं झाली तरी मी तो ओळखेन.

धोंड्याखाली कोरडा चिखल होता. समोर पाण्यावर उडीचा एक तरंग नव्हता.

‘संचिता, दगड टाकलंस?’

‘नाही गं. का?’

‘काय नाय. चल, उठूया. ऊन लागात.’

ऊन लागेल म्हणे! मी घाबरले होते, हे सरळ सांगावं ना. डबा पिशवीत कोंबला. झाकणसुद्धा लावलं नाही. संचिता अजून पाण्याशीच उभी होती, चपला हातात घेऊन. मी दोन पावलं टाकली असतील...

‘ताये...’

मध्ये श्वास घेतला.

‘...येतंस?’

लहानपणचा आवाज नव्हता तो. खाटेवरचा होता. बसलेला. शेवटच्या महिन्यातला.

तोंडातून शब्द फुटेना. चार महिने रोज ज्याला टोलवलं, तोच प्रश्न! उत्तर माझंच होतं. मला विचारलं होतं. एवढं सोपं होतं, एक शब्द बोलायचा होता.

आणि त्याच क्षणी संचिताने कड्याकडे तोंड केलं. बापाने शिकवलेलं लेकीने बरोबर लक्षात ठेवलं होतं. तिला बिचारीला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती फक्त तळीचा निरोप घेत होती.

‘येतंऽऽय!’

आमच्या भाषेत निघताना म्हणतात तोही ‘येतंय’. आणि ‘येतंस?’ म्हणून कोणी बोलावलं की द्यायचं उत्तरही ‘येतंय’च. मेली भाषाच तशी!

दिवसभर गप्प बसलेल्या कड्यावरून आवाज परत आला. स्पष्ट.

‘...येतंय.’

संचिता टाळ्या पिटायला लागली. ‘आला! आत्या, आला!’

मी पिशवी टाकून धावले. पाण्याकाठच्या ओल्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘ती नाय रे! मी! सुदेश, मी येतंय! मी येतंय!’

किती वेळा ओरडले मोजलं नाही. घसा फाटला. चंदन तंबूतून धावत बाहेर आला.

माझ्या आवाजाला उत्तर आलं नाही.

एकदाही नाही.

तिचा परत आला. माझा कड्याने घेतलाच नाही. किरकिरे मात्र पुन्हा सुरू झाले, जसं काही झालंच नाही.

चंदनने हाताला धरून मला बाहेर काढलं. ‘बाईंक ऊन लागला,’ असं तो संचिताला हळूच सांगत होता. ज्या माणसाला मी सकाळपासून कस्पटासमान लेखलं, तो माझे चिखलाचे पाय धूत होता. विचारलं त्याला, आवाज ऐकलास का? म्हणाला, ‘खंयचो आवाज? तुमचोच तर आयकलंय.’

संचिताला मी काहीही सांगितलं नाही. काय सांगणार? तुझ्या बापाने मला बोलावलं आणि चुकून तू हो म्हटलंस?

त्यानंतर वर्षभरात मी तिथे सहा वेळा जाऊन आले. एकटी. जामसंड्याहून बांदा, तिथून रिक्षा, मग चढण. या वयात! पावसाळ्यात एकदा घसरून मनगट मोडलं. प्रत्येक वेळी काठावर उभी राहून ‘येतंय’ ओरडते. इतर माणसांचा आवाज परत येतो. मी स्वतः ऐकलाय. चंदनचा येतो, त्याच्या पोरांचा येतो, परवा कुणाचा कुत्रा भुंकला, त्याचासुद्धा आला.

माझा येत नाही.

मला माहीत आहे, तुमच्यातला एखादा शहाणा खाली लिहिणार, ‘ताई, वाऱ्याची दिशा.’ बाबा रे, वाऱ्याची दिशा मी तुझ्या जन्माच्या आधीपासून सांगतेय लोकांना.

आता विचारायचं ते विचारते.

काल संध्याकाळी संचिताचा फोन आला. चार दिवस सुट्टी आहे, त्यातले दोन दिवस मैत्रिणींबरोबर थेट तळीवर चालली आहे. रविवारी. चंदनकडे बुकिंगही केलं. मी नको म्हटलं, रागावले, तब्येतीची सबब सांगितली, रडलेसुद्धा. ती हसत होती. बापासारखीच.

‘अगं आत्या, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. ठेवते आता. जातंय मी.’

‘जातंय म्हणा नको!’

मी किंचाळले. मी! जी आजोबांच्या तोंडावर हसली होती, ती. शेजारच्या रुक्मिणीवहिनी भांडी घासत होत्या, त्या उठून दारात आल्या.

मग संचिता लाडाने म्हणाली...

‘बरं बाई. येतंय.’

आणि फोन ठेवला.

रात्रभर मी खाटेवर बसून आहे. ‘जातंय’ म्हटलं असतं तरी वाईट, आणि ‘येतंय’ तर मी स्वतः तिच्या तोंडून वदवून घेतलं. मी शनिवारीच वर जाऊन बसणार आहे, तिच्या आधी. पण मी ओरडले तरी तो ऐकत नाही.

कुणाला काही माहीत असेल तर सांगा. तिने तिथून निघताना काय म्हणायचं?