गजराजचं दार कोण लावतं?

गजराजला लडाखला न्यायचं, तर आधी त्यानं सातपुड्यातलं एक पठार चढून दाखवायचं, अशी कामिनीमामीची अट होती. चढला, तर चिन्मयीची दहावीची परीक्षा संपली रे संपली की लडाख! नाही चढला, तर गजराज थेट भंगारात!

गजराज म्हणजे मामीच्या अंगणात उभा असलेला ट्रक. सैन्याच्या लिलावात घेतलेला, हिरवागार, चिन्मयीच्या छातीपर्यंत येतील एवढाल्या चाकांचा. जितेंद्रमामाचा धंदा स्वयंपाकघरं बसवण्याचा, आणि अख्ख्या हुडकेश्वरात त्याच्या कामाची ख्याती एकच होती : मामानं बसवलेलं हलत नाही. त्यानं ट्रकच्या पाठीवर अख्खं घरच बांधलं. पलंग, फ्रीज, शेगडी, भिंतीतून नेलेली गॅसची तांब्याची नळी, माकडं येऊ नयेत म्हणून खिडकीला लोखंडी जाळी. मग ते घर त्यानं ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावर अंगठ्याएवढ्या जाड बोल्टांनी आवळून टाकलं.

"आता भूकंप आला तरी हलत नाही, पाहून घे!" मामा बोल्टांवर थाप मारून म्हणाला होता.

मामीला मात्र गजराज डोळ्यांसमोर नको होता. त्याच्यामुळे अंगणातली तुळस हलवावी लागली होती. म्हणून तर निघायच्या दिवशी ती पिशवी घेऊन "मीबी येते" म्हणाली, तेव्हा चिन्मयीच्या डोक्यात धोक्याची घंटा वाजली. काहून? अचानक एवढी माया?

काटोलच्या पुढे ते चहाला थांबले. ट्रकची तीन चाकं रस्त्यावर, मागचं एक उताराच्या खड्ड्यात. चिन्मयी चिवडा आणायला मागं गेली, तर घराचं दार उघडेना! ओढलं, हिसकलं, लाथ मारली. ढिम्म! आतून सगळ्यांत शेवटी कोण उतरलं होतं? मामी! आणि मामी बाकड्यावर बसून कशी निवांत फुर्र करून चहा पीत होती!

गंमत म्हणजे पुढं पेट्रोल पंपावर तेच दार नुसतं बोट लावताच उघडलं.

"तुले दार उघडता येत नाही, अन् चालली लडाखले," मामी हसली.

चिन्मयीनं मनात मामीच्या नावापुढे फुली मारली.

घाट सुरू झाला. रस्ता संपून जंगलातली चाकोरी लागली. सागाची ताटाएवढी पानं चाकांखाली चुरचुरत होती, आणि वळणावळणाला गजराजच्या पोटातून कर्रर्र असा आवाज येत होता, कोणीतरी दात खावेत तसा. एका चढावर गाडी थांबली, मामी आधी उतरली, आणि थोड्या वेळानं चिन्मयी मागं गेली. या वेळी दार उघडं होतं, आणि आत मामी भांडी धुवायच्या बेसिनखाली वाकून बसली होती. हातात पक्कड!

"काय करून राहिली तू, मामी?"

"पाणी टपकून राह्यलं ना वं, ते पाहून राह्यले."

मामा धावत आला. पाण्याच्या नळीचा जोड सुटला होता. त्यानं आधी मामीकडे पाहिलं, मग चिन्मयीकडे. "कोणी हात लावला? खरं सांगा. माह्या हातचा जोड आपोआप सुटत नाही!"

"म्हणजे मीच चोर?" मामी भडकली. "तुमचंच काम कच्चं असंन, अन् लपवून राह्यले!"

तिघंही गाल फुगवून निघाले. मामीचं डोकं दुखत होतं, ती मागं पलंगावर जाऊन पडली. आता ती आत एकटी, आणि सोबत पक्कड! चिन्मयी सारखी मागं वळून पाहत होती.

पठार समोर दिसू लागलं. मध्ये फक्त एक कोरडा नाला आणि त्याच्यापलीकडचा चढ. गजराज नाल्यात उतरला. पुढचं डावं चाक खडकावर चढलं, मागचं डावं चाक धप्पकन खड्ड्यात गेलं. कर्रर्र, कडाड! मामानं इंजिन बंद केलं. दोघं खाली उतरले.

"दार उघडा!" आतून मामी ओरडली.

"नाटक," चिन्मयी पुटपुटली. "स्वतःच लावलं असेल."

तेवढ्यात वास आला.

गॅस!

मामानं धावत जाऊन बाहेरच्या पेटीतला सिलिंडर बंद केला. पण आत जो भरला, त्याचं काय? जाळीला चिकटलेला मामीचा चेहरा पांढरा पडला होता.

"मामी, कुठलंच बटण दाबू नको! तोंड जाळीलाच ठेव!" चिन्मयी ओरडली.

मामानं दार ओढलं. हलेना. त्यानं हातोडा उचलला.

"नको! मामा, ठिणगी!"

हातोडा हवेतच थांबला. मग मामाच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. "चिने… फ्रीज. तो आपोआप चालू होते. अन् त्याची बॅटरीबी आतच हाय."

म्हणजे ठिणगी कधीही! आत्ता! पुढच्या क्षणी!

चिन्मयीनं दाराकडे पाहिलं. कडी तर उघडीच होती! कोणीच लावली नव्हती. दाराचा वरचा कोपरा चौकटीत घट्ट रुतला होता, खालच्या कोपऱ्यात मात्र बोटभर फट. आयत कुठला? चौकटीचा तर समांतरभुज चौकोन झाला होता! चाकं वरखाली झाली की खालचा सांगाडा पिळला जात होता, आणि बोल्टांनी आवळलेलं घर त्याच्याबरोबर पिळलं जात होतं. सपाट पंपावर दार उघडलं, एक चाक खाली गेलं की अडलं; पाण्याचा जोडही त्यानंच सुटला. चोर मामी नव्हतीच. चोर होते मामाचे न हलणारे बोल्ट!

"मामा, इंजिन नको लावू! जॅक आण! मागचं चाक उचल!"

मामा फळी आणि जॅक घेऊन खड्ड्यात लोळलाच. दांडा वर, दांडा खाली. वर, खाली. लोखंड कण्हलं. चिन्मयी दाराला लटकली होती. फट अरुंद झाली… आणखी… टक्! दार असं उघडलं की ती वाळूत उताणी पडली. मामीनं उडी मारली, चिन्मयीचा दंड धरला, आणि तिघंही नाला तुडवत पळत सुटले.

लांब एका अर्जुनाच्या झाडामागं ते धापा टाकत बसले. उघड्या दारातून वारा आरपार वाहत होता. बऱ्याच वेळानं ट्रकमधून आवाज आला, घुर्रर्र. फ्रीज! तिघांनी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. गॅस उडून गेला होता.

"मामी, मले वाटलं तूच…" चिन्मयीनं कबूल केलं.

"अन् मले वाटे, अट पाहाले आलेली मी घरी परत जावं म्हणून तुमी दोघं दार अडवून राह्यले," मामी म्हणाली, आणि रडता रडता हसली.

मामा उठून एकदम पठाराकडे बघू लागला. "एक चढ तर उरला. गॅस बंद, दार उघडं. चला, अट पुरी करू!"

चिन्मयी ट्रकपाशी गेली. तांब्याची नळी चिरली होती, आणि घराच्या कोपऱ्यात हात जाईल एवढी भेग पडली होती. पुढच्या चढावर घर फाटलं असतं. समोर पठारावरचं गवत उन्हात सोन्यासारखं चमकत होतं. एवढ्या जवळ!

"मामा, फिरव."

"लडाख हातचं जाईन वं चिने!"

"जाऊ दे. फिरव गाडी."

मामीनं पदर खोचला. "भंगारात हे बोल्ट जातीन. ट्रक नाही. आयकता का हो? घर जरा ढिलं बसवा, सांगाड्याले हलू द्या. मंग याच नाल्यात गाडी आणा, मी आत बसते. दार उघडलं, तर लडाखचं बोलू."

"हलू देऊ?" मामाला ते पचायला जड जात होतं. "बरं. देतो हलू."

सगळं सामान खाली काढून त्यांनी गजराज हलका केला. मामा एकटाच चालवायला बसला. चिन्मयी नाल्यात पुढं उभी राहिली. चारही चाकं एका पातळीत येतील अशी वाट तिनं दगड सरकवून केली होती. तिनं हात वर केला.

"डावीकडे, मामा! आणखी… आणखी… थांब! आता सरळ!"

आणि पठाराकडे पाठ करून गजराज तिच्या हाताच्या इशाऱ्यावर, एकही कर्रर्र न करता, हळूहळू नाल्याबाहेर आला.