नाव मागायला आलेला

पाळणा आणायचा होता, एवढंच काम. इल्लुगीच्या आईकडे, म्हणजे रान्वेगकडे, विक गावातल्या घराच्या माळ्यावर तो पडून होता. इल्लुगी, माझा नवरा, तेव्हा पर्यटकांची छोटी बस चालवायचा आणि त्यांना सगळं दाखवायचाही तोच. सकाळी रेक्याविकहून निघायचं, वाटेत धबधबे, मग हिमनदी, मग काळ्या वाळूचा किनारा आणि परत. किनाऱ्यापासून रान्वेगचं घर जवळच. त्या दिवशी त्याच्या शेजारची सीट रिकामी होती.

"चल दाग्नी, फुकटची सहल," तो म्हणाला.

जन्मभर पाहिलेला पाऊस परक्यांच्या सोबतीनं पुन्हा पाहायचा, याला सहल म्हणायचं तर म्हणावं. मी गेले.

डिसेंबर होता. डिसेंबरात आमच्याकडे दिवस उगवतो तो फक्त तोंड दाखवायला. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते आणि पोटातल्या बाळाला सहा. त्याचं कुणाला काही वाटत नाही. उलट माझी मावशी म्हणाली होती, "लग्नाची एवढी काय घाई होती गं?"

रान्वेगचा मात्र रोज सकाळी फोन यायचा, आणि प्रश्न एकच. "स्वप्नात कुणी आलं?"

बाळंतपणाआधी मेलेली माणसं स्वप्नात येऊन नाव मागतात. "मी तुझ्याकडे राहायला येतोय," म्हणतात, आणि मग ते नाव बाळाला द्यावंच लागतं. नाही दिलं तर बाळ जगत नाही. रान्वेगला आपल्या वडिलांची आशा होती. ते मासेमारीच्या होडीवरून परतलेच नव्हते. मी बँकेत काम करते. असल्या गोष्टींना मी हसते. पण रोज उठल्यावर आधी स्वप्न आठवून बघायचे, हेही खरं.

पहिल्या धबधब्याच्या मागून चालत जाता येतं. लोक ओरडत, घसरत आत गेले आणि चिंब होऊन आले. बसमध्ये ओल्या लोकरीचा आणि शेवाळाचा वास भरला. लाल टोपीवाला एक म्हातारा होता, डच, बायकोला घेऊन आलेला. तो इल्लुगीच्या मागेच लागला होता.

"तुमची ती माणसं ओढून नेणारी प्रसिद्ध लाट कधी येते?"

"तिला वेळापत्रक नाही, आजोबा. म्हणून तर समुद्राकडे पाठ करायची नाही."

"माझ्या बायकोकडे चाळीस वर्षं पाठ केलेली नाही. समुद्राचं काय एवढं!"

सगळी बस हसली. त्याची बायको मात्र खिडकीबाहेरच बघत राहिली.

हिमनदीपाशी सगळे उतरून बर्फाच्या कडेपर्यंत चालत गेले. मी बसमध्येच थांबले. उजेड राखेसारखा होता. बर्फ आतून कण्हत होता. तो तसा नेहमीच कण्हतो, पण बंद बसमध्ये एकटीनं ऐकलं की कुणीतरी झोपेत कूस बदलतंय असं वाटतं. माझा डोळा लागला.

दार उघडल्यासारखं झालं. मधल्या वाटेत एक माणूस पाठमोरा उभा होता. भिजून काळा पडलेला लोकरीचा स्वेटर, हाताच्या बोटांवरून पाणी ठिबकतंय. खारट वास... समुद्र आटून तळ उघडा पडावा तसा.

"जागा आहे?" त्यानं विचारलं.

रोज लोकांशी बोलायची सवय. मी म्हटलं, "आहे ना. इथे पुढे बसा."

"पुढे नको," तो हळूच म्हणाला. "आत."

माझा हात पोटावर गेला. "नाव काय तुमचं?"

"इल्लुगी."

मी दचकून उठले. काचेवर टकटक होत होती. बाहेर इल्लुगी, हातात बर्फाचा तुकडा, दात काढत उभा. "घे, चोख. हजार वर्षांपूर्वीचं पाणी. तुझ्या बँकेत एवढी जुनी ठेव नसेल!"

मी मधल्या वाटेत वाकून बघितलं. रबरी चटई लोकांच्या बुटांनी ओली झाली होती. त्यावरून काय कळणार?

किनाऱ्याच्या वाटेवर मी रान्वेगला फोन लावला. आवाज अगदी बारीक ठेवला.

"आलं होतं कुणीतरी."

"माझे बाबा?" तिचा आवाज एकदम कोवळा झाला.

"नाही... इल्लुगी म्हणाला."

मागे तिची किटली शिट्टी वाजवत होती. ती उठून बंद करत नव्हती.

"आमच्या घराण्यात दुसरा इल्लुगी नाही," ती म्हणाली. "मी मुद्दाम कुणाचंच नसलेलं नाव ठेवलं होतं. चेहरा बघितलास?"

"पाठमोरा होता."

"आणि तू काय म्हणालीस?"

"जागा आहे म्हटलं."

"चेहरा बघितल्याशिवाय हो म्हणतात का, पोरी!" मग तिनं विचारलं, "तो कुठे आहे आत्ता?"

"गाडी चालवतोय. लोकांना ज्वालामुखीचं सांगतोय."

"त्याला वाळूवर उतरू देऊ नकोस. काहीही कर... पण आज उतरू देऊ नकोस."

किनाऱ्याच्या वाहनतळावर सगळे उतरल्यावर मी त्याला सांगितलं. तो हसला, पण पुरतं नाही. इथलं कुणीच अशा स्वप्नाला पुरतं हसत नाही.

"कंपनीला काय सांगू? बायकोला स्वप्न पडलं, म्हणून समुद्र रद्द?"

"समुद्र असू दे. तू उतरू नकोस."

"बरं बाई." त्यानं माझी बोटं आपल्या हातात घेतली. "हा बघ, बसलो. खूश?"

तो खरंच बसला. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगते. वाळू काळी, पाणी काळं, आभाळ त्याच रंगाचं होत चाललेलं; फक्त लाटांचा फेस पांढरा दिसत होता. दगडी खांबांच्या भिंतीवर समुद्र आपटला की बसच्या काचा थरथरत. दुपार अजून पुरती सरली नव्हती, तरी त्यानं गाडीचे दिवे लावले. त्या उजेडाच्या टोकाला लाल टोपी दिसत होती. म्हातारा पाण्याच्या कडेशी उभा, समुद्राकडे पाठ करून, आणि बायको त्याचा फोटो काढत होती.

"मूर्ख," इल्लुगी म्हणाला. मग उठला.

मी त्याची बाही धरली. लोकर ताणली गेली. "इल्लुगी, नको..."

"दाग्नी, सोड. माणूस आहे तो."

मी सोडली.

तो धावत गेला. त्याच्यामागून मीही उतरले, पण पोट सावरत कितीसं धावणार? लाट आली ती आवाज न करता. उभी राहिली, आणि मग सगळं पांढरं झालं. खडीचा खळखळाट, बायकांचं ओरडणं, आणि मग... मग काहीच नाही. वाळूवर ना इल्लुगी होता, ना म्हातारा.

किती वेळ गेला कोण जाणे. फेसातून एक आकृती वर आली. म्हाताऱ्याला काखेत धरून ओढत होती. म्हातारा खोकत होता, रडत होता. लोकांनी त्याला ब्लँकेटात गुंडाळलं, आणि त्याची बायको त्याच्या तोंडात मारत सुटली, एकामागून एक.

इल्लुगी तिथे थांबला नाही. सरळ बसकडे आला, माझ्या शेजारून वर चढला आणि आपल्या जागेवर बसला.

मी रडत त्याच्या गळ्यात पडले. "मला वाटलं तू..."

"मी आलो," तो म्हणाला. एवढंच.

परतीसाठी कंपनीनं दुसरा चालक पाठवला. आम्ही विकला रान्वेगकडे राहिलो. तिनं दार उघडलं, लेकाला बघून रडली, त्याचे केस पुसले, मटणाचं सूप वाढलं. तो सूप प्यायला. रान्वेग समोर बसून त्याच्याकडे बघत होती. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसायचं थांबवलं आणि नुसतीच बघत राहिली.

त्याच आठवड्यात पोलीस आला. शाळेत रान्वेगच्याच हाताखाली शिकलेला, तिच्याशी लाजून बोलणारा. किनाऱ्यावर, पूर्वेला, एक प्रेत लागलं होतं. चेहरा दगडांनी ठेवला नव्हता. बेपत्ता झाल्याची कुणाचीच तक्रार नव्हती. प्रेताच्या अंगावरचा स्वेटर पोलीस पिशवीत घालून घेऊन आला होता. गावात कुणाची वीण कशी असते हे रान्वेगला ठाऊक, म्हणून तिला विचारायला.

तिनं तो टेबलावर पसरला. बाही उलटी करून आतला एक टाका अंगठ्यानं चाचपला. रान्वेग एकच नक्षी दोनदा विणत नाही, आणि प्रत्येक स्वेटरच्या बाहीत आतून एक टाका जाणूनबुजून चुकवते. इल्लुगीसाठी तिनं आमच्या लग्नात विणलेला स्वेटर मीच धुते, मला तो टाका माहीत आहे. टेबलावरच्या स्वेटरची नक्षी तीच होती, आणि बाहीत तो टाकाही होता. आणि इल्लुगीचा स्वेटर त्या वेळी वरच्या खोलीत खुर्चीवर वाळत होता. तो स्वतः पांघरुणाखाली झोपला होता. मी दोनदा वर जाऊन बघून आले.

रान्वेगनं स्वेटरची नीट घडी घातली.

"आमच्यातलं कुणी नाही," ती पोलिसाला म्हणाली.

त्या माणसाला विकच्या टेकडीवर पुरलं, बिननावाचं. आम्ही पाळणा घेऊन घरी आलो.

मुलगा झाला. नाव मी वेगळंच ठरवलं होतं, रान्वेगच्या वडिलांचं. चर्चमध्ये पाद्रीबाईंनी विचारलं तेव्हा मी तोंड उघडलं, आणि "इल्लुगी" म्हणाले. बाळ शेजारी उभ्या असलेल्या बापाकडे टक लावून बघत होतं. बापानं मान डोलावली. आपलंच नाव का दिलं, हे त्यानं मला आजपर्यंत विचारलेलं नाही.

तो चांगला वागतो. बाळाला फिरवतो, भांडी घासतो. बस चालवणं सोडलं, एवढाच काय तो फरक.

रान्वेग दर रविवारी येते. आली की आधी पाळण्याशी जाते. "इल्लुगी, माझ्या सोन्या, जेवलास का रे?" असं बाळाच्या कानाशी कुजबुजते, अगदी लेकाला विचारावं तसं. मग टेबलाशी येते, कॉफीचं भांडं उचलते आणि माझ्या नवऱ्याकडे न बघता विचारते,

"तुम्ही दूध घेता का?"

पूर्वी ती त्याला अहो-जाहो करत नसे. तो कप पुढे करतो.

"थोडंसं," तो म्हणतो.