चढावर हळू होणारी गाडी

"बाई, ही पिशवी तुमची का? जरा सरकवा नं."

प्रतिभाने मान वर न करता पिशवी मांडीवर घेतली. सौसरहून सुटणारी संध्याकाळची गाडी भरून आली होती आणि तिच्या हातात सातवीच्या वह्या होत्या. समोरच्या माणसाने बॅग वर ठेवायला हात उचलला, बाही मागे सरकली... आणि कोपरावरचा तो वेडावाकडा व्रण पाहून तिचा लाल पेन जागच्या जागी थांबला.

"अंकुश...?"

"जयभीम, मास्तरीणबाई!" तो पूर्वीसारखाच तोंडभर हसला. "मी तं प्लॅटफॉर्मवरच ओळखलं होतं. पिशवीचं उगाच काढलं."

"तुम्ही इकडे कसे?"

"तुम्ही? बाप्पा! माह्या शर्टाले संत्र्याचे हात पुसत होती, अन् आता अहो-जाहो करून राहिली?"

तिला हसू फुटलं, आणि कानशिलं तापली ती वेगळीच. तेहतीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

गाडी सुटली. तिचं लोधीखेडा येईपर्यंत हाताशी जेमतेम पंधरा मिनिटं होती.

पूर्वी याच वाटेवर छोटी गाडी धावायची. धावायची म्हणजे काय, रमतगमत जायची! शाळा सुटली की लोधीखेड्याची सगळी पोरं तिच्यात. चढ लागला की ती अशी धापा टाकायची, की पोरं पुढच्या डब्यातून उड्या मारत, रुळालगतच्या बगीच्यातून संत्री तोडत आणि पळत येऊन शेवटचा डबा गाठत. दारातले बाकीचे "मार उडी!" म्हणून ओरडत. गार्ड शिव्या द्यायचा आणि त्याच तोंडाने दोन संत्री मागून घ्यायचा. प्रतिभानेही दोन्ही वेण्या दातांत धरून तीनदा उडी मारली होती. दिवेलागणीपर्यंत कोण कुठे आहे, हे कुणी विचारत नसे. एखाद्याचा पाय मोडला असता तर? मोडलाही असता. पण तेव्हा ती भीती कुणाला शिवली नव्हती. आणि आता हीच प्रतिभा शाळेच्या भिंतीवर बसलेल्या पोराला कान धरून खाली उतरवते.

नियम एकच होता. गाडीत उरलेल्याने शेवटच्या दारात उभं राहून हात द्यायचा. अंकुशला हात द्यायचा तो प्रतिभानेच. हे कुणी ठरवलं नव्हतं... पण दुसरं कुणी पुढेही येत नव्हतं.

"दुखतो का अजून?" तिने कोपराकडे पाहिलं.

"थंडीत दुखतो. तुही आठवण येते मंग." तो हसत म्हणाला, पण डोळे खिडकीबाहेर गेले. "एक विचारू? त्या दिवशी सकाळी मी तुले म्हटलं होतं... मोठा झालो का तुलेच मागणी घालीन. अन् संध्याकाळी तू हात काढून घेतला. मी गिट्टीवर पडलो. मले वाटलं, हेच तुहं उत्तर."

प्रतिभाने हातातली वही मिटली. अठरा वर्षं हा माणूस असं समजून चालला होता!

"तू पाहिलंच नाही का रे? पुढे वळणावर माहे बाबा उभे होते. हिरवी झेंडी घेऊन."

तिचे बाबा, मधुकर, त्याच लाइनवर गँगमन होते. पळत्या पोराकडे झुकलेली आपली पोरगी त्यांनी पाहिली, आणि तिचा हात आपोआप मागे आला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. आठ दिवसांत तिचं दप्तर आणि ट्रंक पांढुर्ण्याला मावशीकडे पोहोचली.

"मले काय दिसणार? मी तुह्या हाताकडे पाहून पळत होतो," अंकुश हळूच म्हणाला.

"अन् तू मले शोधलं काऊन नाही?"

"शोधलं नाही कसं... पांढुर्ण्याले सायकलनं तुह्या मावशीच्या गल्लीतून किती चकरा मारल्या. दार वाजवायची हिंमत झाली नाही."

चालत्या गाडीतून उडी मारणारा हा पोरगा एका दाराला घाबरला होता. तिला त्याचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. चिठ्ठी तर तिलाही लिहिता आली असती.

"लग्न नाही केलं?" त्याने विचारलं.

"आई गेली, मंग बाबांजवळ कोण? राहूनच गेलं. तुहं?"

तो बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"रविवारी साक्षगंध आहे माहं. नागपूरची पोरगी आहे. सौसरले आत्याले सांगायले आलो होतो."

चढ आला. नवी गाडी जराही हळू न होता तो चढून गेली. संत्र्यांचा बगीचा डोळ्यांसमोरून गेला तो नीट दिसलासुद्धा नाही.

लोधीखेड्याला ती उतरली. अंकुश मागोमाग दारापर्यंत आला आणि दांडी धरून उभा राहिला.

"प्रतिभा... रविवारले अजून चार दिवस आहेत."

त्याला काय हवंय ते तिला कळलं. एकच शब्द. 'उतर' म्हटलं असतं तर तो उतरला असता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आलाही. पण प्लॅटफॉर्मवर तिच्या वर्गातली हिमानी आईचा हात धरून बाईंकडे बघत उभी होती. नागपुरात कुणीतरी मुलगी रविवारच्या साखरपुड्याची साडी निवडत असेल, तेही मनात आलं. भोंग्यातून सूचना चालली होती... धावत्या गाडीत चढू नका, उतरू नका.

गाडी हलली.

"सांभाळून जा," प्रतिभा म्हणाली.

आणि लहानपणी कुणाच्या बापाचं न ऐकणारा अंकुश एक पाऊल मागे, आत सरकला.

ती चार पावलं गाडीबरोबर चालली, मग थांबली. तिचा हात वर गेला, अगदी पूर्वीसारखा, तळवा उघडा. तोपर्यंत शेवटचा डबा प्लॅटफॉर्म सोडून गेला होता.