टोपीवाली अक्षरं

या बाळांनो, जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. निरूपण झालं, आता एक प्रेमाची गोष्ट ऐका. तीही त्या सावळ्याचीच देणगी!

ब्याण्णव साली वर्तकनगरच्या एका छपाईच्या दुकानात सगुणा संगणकावर बसायची. चेंदणी कोळीवाड्याची पोर, केसांत अबोली, बोटं सरसर... एके सकाळी डोंबिवलीचा त्र्यंबक आपल्या संख्याशास्त्राच्या प्रबंधाचं हाताने लिहिलेलं शेवटचं प्रकरण छातीशी धरून आला, दारातल्या स्टुलाला अडखळला, आणि कागद उधळले. ते गोळा करताना तिला दिसलं, सूत्रांतल्या अक्षरांच्या डोक्यावर इवल्या टोप्या!

"ही कुणाच्या लग्नाला निघाली?"

तो हसला. "बिनटोपीचं अक्षर म्हणजे खरी किंमत. टोपी घातली की आपला नुसता अंदाज. टोपी हरवली तर माझी चार वर्षं खोटी. आणि उद्या प्रबंध विद्यापीठात द्यायचाय."

सगुणा कामाला लागली. साध्या वाक्यात टोपी छान बसे. सूत्रात गेली की संगणक रुसे, अक्षर बोडकंच!

"सोड त्या टोप्या," मालक महिपतशेठ ओरडले. "लग्नपत्रिका तुंबल्यात. छापून दे, तो पेनाने घालेल. आपल्याकडे असंच चालतं."

"घालतो मी..." त्र्यंबक पुटपुटला.

"तीनशे टोप्या! एखादी विसरलात तर? माझ्या पानाला पेन लावून बघाच!"

"कोळ्याची पोर ना तू? इथे कशाला जाळ्याची भोकं मोजतेस?"

"शेठ, जाळ्याची एक गाठ सुटली तरी मासा जातो. बापाने हेच शिकवलंय."

"पत्रिका घे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

"मग आजपुरतं बसू द्या." तिने कळफलकावरून हात उचलला नाही.

पडद्यावरची तक्रार तिने पुन्हा वाचली. टोपीची ही आज्ञा सूत्रात चालत नाही. "अहो... म्हणजे सूत्राची वेगळी असणार!" जाड पुस्तिकेवर दोन डोकी वाकली. अबोली त्याच्या कानाला लागली, तो पान उलटायचं विसरला. "इथे!" ती म्हणाली. नवी आज्ञा दिली, आणि टोपी अलगद बसली.

दिवेलागणीला शेवटचं पान निघालं. नोकरीही गेली.

पायरीवर त्र्यंबक थांबला. "माझ्यामुळे..."

"माझ्या हट्टामुळे. क्रेडिट घेऊ नका."

"मला वाटतं... बहुधा... तुम्ही मला—"

"हा अंदाज झाला. टोपी काढून बोला ना!"

त्याने श्वास घेतला. "आवडता तुम्ही मला. लग्न कराल? आमच्या घरी रुसतील."

"आमच्याकडे ओरडतील." तिने गजरा सावरला. "ओरडू देत. उद्या प्रबंध देऊन या, मग आधी माझ्या बापासमोर उभे राहा. मी बाजूला असेन."

आणि ती होती, हो! वर्षभर घरं धुमसली, ही दोघं हलली नाहीत, आणि शेवटी लग्न लागलंच.

तर बाळांनो, गणिताच्या पुस्तकात कुठे अक्षराच्या डोक्यावर इवली टोपी दिसली, तर घटकाभर आमच्या सगुणेची आठवण काढा.