खिशातली ऊब

त्या सकाळी ऋतुराज कामावर निघाला, तर मोटारसायकलचं मागचं चाक बसलेलं. करमाडच्या पंक्चरवाल्याकडं टायर निघेपर्यंत तो टेकला, एवढंच. पॅन्टच्या डाव्या खिशात ई-सिगारेट होती. बंदी असली तरी चोरून मिळायचीच. आधी मांडीला नुसती ऊब लागली. त्यानं खिशात हात घातला आणि बॅटरी फुटली. विझवायला दुसरा हात गेला, तोही पोळला.

शहरातल्या एका दवाखान्यात, जळीत वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत त्याला ठेवलं. दोन्ही हात बोटांसकट पट्ट्यांत गुंडाळलेले. पांघरूण मांडीला टेकू नये म्हणून कमरेवर लोखंडी कमान. कूस बदलता येत नव्हती. बेल उशाशीच होती, पण दाबायला एक बोट मोकळं नव्हतं. जंतुसंसर्ग नको म्हणून दार कायम ओढलेलं. मोठी बहीण दीपमाला दुपारी यायची, भाकरी कुस्करून एकेक घास भरवायची आणि सिस्टरनं उठवलं की निघायची.

एका दुपारी ती गेली, दार लागलं, आणि शेजारच्या खाटेच्या हिरव्या पडद्यापलीकडून कुणीतरी खोकलं.

नवा पेशंट आला वाटतं, म्हणून ऋतुराजला बरंच वाटलं. त्यानं विचारपूस केली. माणूस गंगापूरकडचा होता. त्याचीही खिशातच फुटली होती, जीपमध्ये. जीप खच्चून भरलेली, हा मधल्या सीटवर दोघांत चेपलेला. सगळं तो अगदी सावकाश सांगत होता, दुसऱ्याच कुणाची हकीकत सांगावी तसं.

“हात जीन्सच्या खिशापर्यंत जाईना,” तो म्हणाला. “थांबव म्हणलं, तर डायव्हर म्हणला, फाट्यावर थांबतो...”

औषधांच्या वासात आता गोडसर, आंब्यासारख्या धुराचा वास मिसळू लागला होता. आणि मग त्याच्या उजव्या मांडीला, धडधाकट मांडीला, ऊब लागली.

“गरम लागतंय ना?” पडद्यामागून आवाज आला. “आधी असंच लागतं...”

तो उठायला गेला, पण कमान आडवी आली. उजवीकडून कुणाचा तरी खांदा रेटला. डावीकडूनही. घामाचा वास आला, डिझेलचा आला. खाट बारीक थरथरत होती, इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीसारखी. छाती फुलायलाच जागा उरली नाही. गुंडाळलेला हात तो कमानीवर आपटत राहिला. मांडीवरची ऊब चटक्यावर आली.

“सरक की जरा... मला हात घालू दे.”

या वेळी आवाज पडद्यामागून आला नव्हता. कानाशी आला होता.

ऋतुराज ओरडला. हसीना सिस्टर धावत आल्या, त्यांनी पडदा सारला. पलीकडं उघडी गादी होती, चादरसुद्धा नव्हती. ताप चढला असेल, म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तिथं कोण होतं, असं ऋतुराजनं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा त्या सलाईनकडं बघत म्हणाल्या, “होता एक. गंगापूरकडचा. तुम्ही यायच्या आधी... गेला तो.”

दुसरीकडं हलवा म्हणून त्यानं विनवण्या केल्या. बाकी वॉर्डात एकही खाट रिकामी नव्हती. हसीना सिस्टर मात्र ड्युटी संपेपर्यंत दार उघडं टाकून त्याच्याजवळ बसून राहिल्या.

सकाळी डॉक्टर ड्रेसिंगला आले. डावी मांडी सुकत होती. गाऊन सारखा करता करता त्यांचा हात थांबला. उजव्या मांडीवर तळव्याएवढी, नुकतीच भाजल्यासारखी जखम होती. हे कधी झालं, असं त्यांनी सिस्टरना विचारलं. त्यांनी ट्रे पुढं केला. डॉक्टरांनी चिमट्यानं जखमेतून काहीतरी हळूच ओढून काढलं.

“जीन्स होती का तुमच्या अंगावर?”

नाही, ऋतुराज म्हणाला. कंपनीची करडी पॅन्ट होती, पहिल्याच दिवशी कापून टाकलेली.

चिमट्याच्या टोकाला जाड, निळा धागा होता. त्याला अजून धूर येत होता.